खांदा दुखतो म्हणून नूडल्स

मंगळवारी सकाळी व्हर्नानं मुलीला फोन लावला आणि नमनाला थेंबभरही तेल न घालता सांगून टाकलं, "यंदा टर्की नाही. नूडल्स करतेय."

पलीकडून डार्लानं जपून विचारलं,

"नूडल्स म्हणजे... दर वर्षी टर्कीबरोबर करतेस त्याच ना?"

"टर्कीबरोबर नाही. टर्कीच्या जागी. कोंबडीच्या रश्शात नूडल्स, खाली कुस्करलेले बटाटे. एक भांडं, एक डाव, झालं जेवण."

"आई, अगं थँक्सगिव्हिंगचा सण आहे! साधा गुरुवार नाहीये."

"काय आहे ते ठाऊक आहे मला. एक्कावन्न वर्षं मीच रांधतेय ना?"

"पण का?"

"खांदा दुखतो. वीस पौंडांचं ते पक्ष्याचं धूड ओव्हनमध्ये ढकला, घटकेघटकेला बाहेर ओढा, लोणी सोडा, पुन्हा ढकला. नाही जमत आता."

खांदा म्हणे! त्या खांद्याला काही म्हणजे काहीही झालेलं नव्हतं. आदल्याच दिवशी, दारातल्या बर्फावर टाकायच्या मिठाचं चाळीस पौंडांचं पोतं या बाईनं गाडीतून उचललं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात नेऊन आपटलं होतं. वय वर्षं एकाहत्तर. पण खोटं बोलायला खांद्यासारखा सोयीचा अवयव दुसरा नाही. कोणाला बाहेरून दिसत नाही, आणि दाखव म्हणून कोणी मागे लागत नाही.

दुखणं होतं ते व्हर्नाच्या खांद्याचं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, मर्लच्या हाताचं होतं.

मर्लनं मिलग्रोव्हच्या चौकातल्या सलूनमध्ये चव्वेचाळीस वर्षं गावाची हजामत केली. इंडियानातलं एवढंसं गाव, पण त्या गावात मर्लच्या हाताखालून गेलं नाही असं पुरुषाचं डोकं शोधून सापडलं नसतं. पोरांचे पहिले केस त्यानं कापले, नवरदेवांच्या दाढ्या केल्या, आणि शवपेटीत ठेवायच्या आधी म्हाताऱ्यांचे शेवटचे केसही त्यानंच नीट केले. त्याचा वस्तरा गालावरून फिरे तो कळतसुद्धा नसे. लोक खुर्चीत झोपायचे.

दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला. आधी कॉफीच्या कपाला कळलं, मग कंगव्याला, आणि मग चर्चच्या खजिनदाराच्या कानाला. रक्ताचा एकच थेंब आला. "अरे काही नाही, काही नाही," म्हणत तो भला माणूस उठला आणि पुढच्या महिन्यापासून शेजारच्या गावी केस कापून घ्यायला लागला. एप्रिलमध्ये मर्लनं सलूनला कुलूप घातलं. गावाला सांगितलं, गुडघे गेले, दिवसभर उभं राहवत नाही. मुलांनाही तेच सांगितलं.

डॉक्टरकडे दोघं गेली होती. डॉक्टर म्हणाला, जिवावरचं काही नाही, नुसता कंप आहे. हात मांडीवर ठेवलात तर गप्प राहील, काही उचलायला गेलात की नाचेल. मग त्यानं विचारलं, "घराण्यात आणखी कोणाला होता का?"

"नाही," मर्ल म्हणाला.

परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "मुलांना सांगायचं नाही, व्हर्ना."

"नाही सांगत," व्हर्ना म्हणाली. आणि तिनं नाही सांगितलं. एकदा ओठ मिटले की या बाईच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते.

आता या घरात टर्की नुसती खात नसत. अख्खी, सोनेरी भाजलेली टर्की टेबलावर यायची. मर्ल टेबलाच्या टोकाशी उभा राहायचा, वडिलांची सुरी हातात घ्यायचा, तीच ती हरणाच्या शिंगाच्या मुठीची, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पक्षी कापायचा. प्रत्येकाला विचारायचा, "छातीचं की मांडीचं?" आणि असे पातळ काप काढायचा की मागून दिवा धरला असता तर उजेड आरपार दिसला असता. सलूनमधला तोच हात. वर्षातून एक दिवस बायकापोरंही त्या हाताकडे बघत राहायची, आणि मर्लला ते आवडायचं. का नाही आवडणार?

गेल्या वर्षी मात्र म्हणाला, "स्वयंपाकघरातच कापतो, इथे टेबलक्लॉथ खराब होतो." दार लावून घेतलं. चाळीस मिनिटं आतच. बाहेर आलेली टर्की बघून वाटलं, मांजरांची मारामारी झाली असावी. अंगठ्याला पट्टी. "सुरी सटकली," म्हणाला. मुलगा केंट टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये गुंतला होता, त्याचं लक्ष गेलं नाही. भांडी आवरताना व्हर्नाला कचऱ्याच्या तळाशी रक्तानं भिजलेल्या कागदी रुमालांचा गोळा सापडला. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा तळाशी दाबला आणि सिंकपाशी उभं राहून पोटभर रडली.

या वर्षी तर हात आणखी बिघडला होता. चमच्यातले वाटाणे तोंडाशी पोचेपर्यंत निम्मे उरत. मर्लनं सुरी धरली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. न धरली तर केंट उठला असता, "द्या बाबा, मी कापतो," म्हणाला असता, आणि केंटचा आवाज असा की तिसऱ्या घरात ऐकू जावा. मनानं सोन्यासारखा पोरगा, पण कुठे काय बोलावं याची अक्कल वाटताना देवानं हात आखडता घेतला होता. मर्लच्या हातातून कोणीतरी सुरी घेतेय, हे व्हर्नाला नुसतं मनात आणलं तरी सोसवत नव्हतं.

म्हणून तिनं टर्कीच काढून टाकली. पक्षी नाही तर सुरी नाही, आणि सुरी नाही तर हाताकडे कोण बघतंय?

नूडल्सचा विचार तिनं फार बारकाईनं केला होता. कुस्करलेले बटाटे ताटलीत घट्ट बसतात. त्यावर जाड नूडल्स पडल्या की चिकटून राहतात. चमचा भरून उचलला आणि वाटेत हात नाचला तरी सांडत काही नाही. सासूबाईंकडून शिकलेला हा प्रकार. सासूबाई तर सासऱ्यांसाठी आठवड्यातून चारदा करायच्या. सासरे शेवटची कितीतरी वर्षं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, सिंककडे तोंड करून एकटेच जेवायचे. व्हर्ना लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं, त्यांना गडबड आवडत नाही. बरं, असतो एकेकाचा स्वभाव. तिनं पुन्हा कधी विचार केला नाही.

फोन ठेवून ती गॅरेजमध्ये गेली. मर्ल पक्ष्यांचे दाणे डब्यात ओतत होता. निम्मे डब्यात, निम्मे जमिनीवर.

"यंदा टर्की करत नाहीये," ती म्हणाली. "खांदा फार दुखतोय. नुसत्या नूडल्स करते. आईंच्या."

मर्लनं हातातली पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातल्या मिठाच्या पोत्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"आईच्या नूडल्स," तो म्हणाला. "बरं."

बास. एक शब्द जास्त नाही. इतक्या सहज ऐकलं म्हणून व्हर्नाला हायसं वाटलं, आणि घरात आल्यावर त्याच कारणानं जरा चुकल्यासारखंही वाटलं. तरी तिनं खबरदारी घेतलीच. खणातली सुरी काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात गोधड्यांच्या मागे सरकवून दिली.

बुधवारी तिनं कणीक मळली. अंडी, मैदा, मीठ. पाणी नाही. जाडसर पोळ्या लाटून, गुंडाळून, पट्ट्या कापल्या, आणि पाहुण्यांच्या पलंगावर स्वच्छ चादर टाकून वाळत घातल्या. दुपारी नणंदेचा फोन आला. आयलीन, मर्लची थोरली बहीण, वय एक्याऐंशी, जीभ वर्षागणिक जास्तच धारदार होत चाललेली.

"ऐकलं ते खरं का गं? टर्की नाही?"

"खरं आहे."

"कोणी वारलंय का?"

"खांदा दुखतोय, आयलीन."

"माझी कंबर दुखते, मान दुखते, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. तरी मी जेलीचं सॅलड आणतेय की नाही?"

"तुझं सॅलड आण. ते खाल्लं की टर्कीची आठवण येणार नाही कोणाला."

"हं," आयलीन म्हणाली. ही तिची हार मानायची रीत.

गुरुवारी अकरापर्यंत घरभर रश्शाचा वास भरला. मोठं भांडं मंद आचेवर, बटाटे लोणी-दूध घालून घोटलेले, डब्यातली क्रॅनबेरीची जेली डब्याच्या रेघांसकट बशीत उभी. व्हर्ना आंघोळ करून, ओठांना रंग लावून अकरा वाजता मोकळी! आयुष्यात या दिवशी अकरा वाजता ती कधी खुर्चीत टेकली नव्हती. हे असं सोपं असतं तर आजवर आपण कशाला जीव काढला, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच अपराध्यासारखंही वाटलं.

केंट आला तो सरळ टीव्हीसमोर. त्याच्या बायकोला दवाखान्यात सणाची ड्यूटी होती. "आई, वास काय भारी येतोय! पण खरंच टर्की नाही? गंमत ना?" त्याच्या मागून आयलीन आपलं हिरवं, थुलथुलणारं सॅलड छातीशी धरून आली. मर्लनं स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात खिशात होते.

साडेबाराला डार्लाची गाडी दारात लागली. तिची नऊ वर्षांची टेसा पुढे पळत आली, हातात भोपळ्याची पाई. आणि मागून डार्ला. दोन्ही हातांवर फॉइलनं झाकलेला मोठा ट्रे. व्हर्नाला बघायचीही गरज पडली नाही, वास आधीच घरात शिरला होता.

तिनं डार्लाला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं.

"काय आहे हे?"

"टर्की. चौदा पौंडांची. पहाटेपासून भाजतेय."

व्हर्नाच्या चेहऱ्यावर जे होतं ते कोणत्याही भाषेतल्या लेकीला कळलं असतं. "स्पष्ट सांगितलं होतं ना मी? कान कुठे होते? आईचं एक ऐकायचं म्हणजे जिवावर येतं तुमच्या!"

"माझ्यावर ओरडू नकोस," डार्लानं ट्रे ओट्यावर ठेवला. "बाबांनी सांगितलं."

"कोणी?"

"बाबांनी. मंगळवारी दुपारी फोन आला. म्हणाले, टर्की भाजून आण, अख्खी आण, आईला सांगू नकोस."

"का?"

"विचारलं नाही. बाबांनी आपणहून फोन करायची आयुष्यातली ही तिसरी वेळ. मी कारणं विचारत बसू?"

व्हर्ना स्टुलावर बसली. म्हणजे मर्लला आपण अजून कापू शकतो हे दाखवायचं होतं. हट्टी माणूस! सगळ्यांसमोर उभा राहणार, सुरी नाचणार, अंगठा पुन्हा कापून घेणार, आणि मग त्याचं ते गप्प होणं. आठवडेच्या आठवडे गप्प. सलून बंद केलं तेव्हा मे महिना अख्खा तो बोलला नव्हता.

"ऐक," ती उठून म्हणाली. "आपण इथेच कापू. तू आणि मी. दहा मिनिटांत ताटात रचून नेऊ. कोणाला—"

"व्हर्ना!" जेवणघरातून मर्लचा आवाज आला. "टर्की इकडे आणा. अख्खीच."

आता काय करणार? डार्लानं ट्रे उचलला. व्हर्ना भांडं घेऊन मागे गेली आणि दारातच थबकली. मर्लच्या ताटलीशेजारी शिंगाच्या मुठीची सुरी होती. टॉवेल नीट घडी करून खाली घातलेला. गोधड्यांच्या मागून यानं शोधून काढली होती.

सगळी बसली. मर्लनं प्रार्थना म्हटली, छोटीशीच. आमेन म्हणून तो उठला, खिशातून हात काढले आणि सुरी घेतली.

हात हलायला लागला. आधी थोडा, मग जास्त, मग सुरीचं टोक ट्रेच्या काठावर टकटक वाजायला लागलं. टकटकटकटक. टीव्ही बाहेर ओरडत होता, आणि टेबलावर ही एवढी टकटक.

"आजोबा, तुमचा हात का हलतोय?" टेसानं विचारलं.

"टेसा!" डार्ला म्हणाली.

केंटची खुर्ची मागे सरकली. "बाबा, द्या इकडे, मी कापतो—"

"खाली बस, केंट!" व्हर्ना इतक्या जोरात म्हणाली की केंट बसला तो अर्धवट, एक मांडी हवेत.

"ओरडू नकोस त्याच्यावर," मर्ल म्हणाला. "आणि टेसालाही कोणी दटावू नका. नीट प्रश्न विचारलाय तिनं. हलतो, बाळा. दोन वर्षं झाली. बरा होणार नाही, आणखी वाढेल, पण मरत नाही मी त्यानं. माझ्या वडिलांचाही हलायचा."

व्हर्नानं चमकून त्याच्याकडे बघितलं. डॉक्टरला तर यानं नाही म्हणून सांगितलं होतं.

आयलीननं मात्र नूडल्सच्या भांड्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं. या बाईला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण आता तिचा आवाज बारीक झाला. "आईच्या नूडल्स," ती म्हणाली. "बाबांना चमच्यातून सांडू नये म्हणून करायची ती. आधी तिनं त्यांचं मांस आत कापून द्यायला सुरुवात केली. मग पाहुणे बोलवायचं बंद केलं. मग एक दिवस त्यांचं ताट स्वयंपाकघरातच मांडलं. अकरा वर्षं, व्हर्ना. अकरा वर्षं आम्ही पोरं इथे जेवायचो आणि बाबा आत, भिंतीकडे तोंड करून. आम्हांला सांगितलेलं, त्यांना गडबड आवडत नाही."

"आवडायची," मर्ल म्हणाला. "त्यांना गडबड फार आवडायची. आम्ही हसलो की स्टूल थोडं थोडं मागे सरकवायचे, ऐकू यावं म्हणून. मी बघितलंय." त्यानं बायकोकडे बघितलं. "आई वाईट नव्हती. तिला त्यांना जपायचं होतं. तू मंगळवारी गॅरेजमध्ये नूडल्स म्हणालीस ना, तेव्हा मला ते स्टूल दिसलं. यंदा टर्की गेली. पुढच्या वर्षी पाहुणे जातील. मला आत जेवायचं नाही, व्हर्ना. सांडलं तर सांडू दे, पण इथे सांडू दे."

ज्याला आपण दोन दिवस झाकत होतो त्याला आपणच आत ढकलत होतो, आणि वर त्यासाठी चादरीवर नूडल्स वाळवत होतो! व्हर्नाला स्वतःचा राग आला आणि मर्लची मायाही तितकीच आली.

"मग आता हिचं काय करायचं?" केंटनं टर्कीकडे बोट दाखवलं. शेवटी केंट तो केंटच. पण या वेळी त्याचा आवाज तिसऱ्या घरात गेला नसता.

मर्लनं सुरीकडे बघितलं. ती टॉवेलवर ठेवली. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "डार्ला, मला ओला रुमाल दे." हात स्वच्छ पुसले, आणि ते दोन्ही हात त्यानं सरळ टर्कीत घातले.

आणि गंमत बघा, घट्ट काही पकडलं की त्या हातांना आधार मिळत होता. त्यानं मांडी धरली, पिरगाळली, कट्‌कन वेगळी केली. मांस बोटांनी सोललं. लांब, वेडेवाकडे, रसाळ तुकडे. ते उचलून त्यानं नूडल्सच्या भांड्यात टाकले. एखादा टेबलावर पडला, तो टेसानं उचलून तोंडात टाकला.

"नूडल्समध्ये काप कोण बघतंय?" मर्ल म्हणाला. "बसलात काय? हात धुवा आणि या. चौदा पौंडांची आहे, मी एकटा संध्याकाळपर्यंत फाडत बसू?"

केंट उठला. डार्ला उठली. टेसा तर ट्रेवर जवळजवळ चढलीच. आयलीन म्हणाली, "शी, रानटी कुठले!" आणि अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवून मोठ्या निगुतीनं पंखाला भिडली. कोपरापर्यंत तेलकट होऊन सगळी टर्कीभोवती. मर्ल मधूनमधून विचारत होता, "छातीचं की मांडीचं?" आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही भांड्यात टाकत होता. टेबलक्लॉथ, जो वाचवायला गेल्या वर्षी स्वयंपाकघराचं दार लागलं होतं, तो धुण्याच्या पलीकडे गेला.

मग मर्लनंच वाढलं. डाव हलत होता, पण बटाटे ताटलीत घट्ट होते आणि नूडल्स चिकटत होत्या, सासूबाईंचा हिशेब तिथे चोख होता. सहा ताटल्या वाढायला बराच वेळ लागला. जेवण निवलं. कोणी घाई केली नाही.

"थंड झालंय," आयलीन म्हणाली.

"तुझं सॅलड मुळातच थंड आहे, ते खा," व्हर्ना म्हणाली.

जेवताना एकेकानं या वर्षी कशाचे आभार मानायचे ते सांगायची या घराची रीत. टेसानं पाईचे मानले. केंटनं आपला संघ जिंकतोय त्याचे. डार्लानं बाबांच्या फोनचे मानले. आयलीन म्हणाली, मी अजून जिवंत आहे याचे तुम्हीच माना. मर्ल म्हणाला, "या टेबलाचे."

राहिली व्हर्ना. तिनं रुमालानं तोंड पुसलं. चमचा खाली ठेवला. दरवर्षी ती तब्येतीचे आणि मुलाबाळांचे मानते, तेच येणार म्हणून केंटनं पुढचा घास भरलाही.

"माझा खांदा दुखत नाहीये," व्हर्ना म्हणाली. "कधीच दुखत नव्हता."

केंटचा घास तोंडात राहिला. "म्हणजे? आई, मी तुझ्यासाठी ऑनलाइन मलम मागवलंय!"

"मला ठाऊक होतं," मर्ल म्हणाला. "मिठाचं पोतं काय चालत आत आलं?" मग मुलांकडे बघून म्हणाला, "माझे गुडघेही ठणठणीत आहेत. सलून या हातासाठी बंद केलं."

"अरे, ते अख्ख्या गावाला माहीत आहे," आयलीन म्हणाली. "त्या खजिनदारानं कान सगळ्यांना दाखवला."

आधी मर्ल हसला. मग टेसा, काही न कळताच. मग सगळीच. व्हर्ना हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता तिनं भांड्यातला डाव उचलून नवऱ्याकडे दिला.

"पुढच्या वर्षी टर्की मीच भाजेन," ती म्हणाली. "वीस पौंडांची. खांदा चांगला आहे माझा."

"भाज," मर्ल म्हणाला. डाव धरताना त्याचा हात हलला आणि रश्शाचे चार थेंब तिच्या बाहीवर पडले. "आणि नूडल्सही कर. मला आवडतात त्या. फक्त इथे बसून."